रिकाम्या बाटलीतलं पेट्रोल

डॉक्टरबाईंनी मला डोळे मिटायला सांगितले आणि माझ्या नाकाखाली पहिली बाटली धरली.

"क्या आ रहा है?"

"काहीच नाही," मी म्हणाले आणि मग घाईने, "कुछ नहीं."

दुसरी बाटली आली. पुन्हा कुछ नहीं. नंतर कळलं की पहिलीत कॉफी होती आणि दुसरीत लवंगेचं तेल. मसालेभातात लवंग जास्त पडली तर मला जिन्यात कळायचं. त्या दिवशी ती थेट नाकाखाली होती आणि मला त्याचा पत्ताच नव्हता.

तिसऱ्या बाटलीला मात्र मी खुर्चीसकट मागे सरले. "पेट्रोल!" मी ओरडलेच. "पेट्रोल, और कुछ जलने की बू." बाजूच्या स्टुलावर बसलेल्या विलासनी सुटकेचा निःश्वास टाकलेला मला ऐकू आला. चला, एक तरी ओळखलं.

"आँखें खोलिए."

बाटली समोरच होती. स्वच्छ धुतलेली, कोरडी ठणठणीत. डॉक्टरबाईंनी ती उलटी करून दाखवली. "मैडम, ये खाली है. ये मैं सबसे आख़िर में सुँघाती हूँ, सिर्फ़ देखने के लिए."

त्यांनी माझ्या कागदावर दोन शब्द लिहिले. पहिला ॲनॉस्मिया, म्हणजे वासाची जाणीव जाणं. दुसरा फँटॉस्मिया, म्हणजे जो वास तिथे नाहीच तो येणं. पहिला ऐकून मला वाईट वाटलं. दुसरा ऐकून अंगावर काटा आला, कारण तो वास त्या खोलीत अजूनही होता आणि तो फक्त माझ्यापाशी होता.

डोक्याला मार लागल्यावर असं होऊ शकतं हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर मी इतकी घाबरले नसते. म्हणून हे लिहिते आहे. ज्यांच्या घरात अपघातानंतर कुणी "कसलातरी वास येतोय" म्हणतं आणि बाकीचे एकमेकांकडे बघतात, त्यांच्यासाठी. त्या "बाकीच्यांसाठी" तर जास्तच.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. दिल्लीतलं आर. के. पुरमचं सरकारी क्वार्टर सोडून आम्ही द्वारका उपनगरात, सोसायटीच्या नव्या फ्लॅटमध्ये राहायला आलो होतो. मेट्रो तिकडे यायची होती. आयुष्यातली पहिली गाडी घेतली होती, छोटी, पांढरी. विलास म्हणजे माझे यजमान. घरात मी त्यांना "अहो" म्हणते. इथे नावाने लिहिते आहे, त्यांनी चिडावं म्हणून. ते एका मंत्रालयात, मी दुसऱ्यात. सासूबाई, ज्यांना मी आई म्हणते, साताऱ्याहून आमच्याकडे कायमच्या आलेल्या. आणि आमची मुलगी मिनू, तेव्हा अकरावीत, जन्मापासून दिल्लीकर.

जानेवारीतला रविवार होता. मध्य दिल्लीतल्या आपल्या राज्याच्या अतिथिगृहात सकाळी साबुदाण्याची खिचडी खायची, हा आमचा चैनीचा कार्यक्रम. थंडीमुळे आई घरी राहिल्या. धौला कुआँच्या अलीकडे धुकं इतकं दाटलं की आपल्याच गाडीचं नाक दिसेना. समोर अचानक लाल दिवे उगवले. विलासनी ब्रेक दाबला आणि आम्ही वेळेवर थांबलो. मी मागे वळून मिनूकडून चहाचा थर्मास घेत होते. तेवढ्यात मागून कुणीतरी आम्हाला धडकलं.

माझ्या डोक्याची मागची बाजू दाराच्या चौकटीवर आपटली. जखम नाही, रक्त नाही. विलासनी लगेच किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. यात अक्कलहुशारी काही नव्हती. स्कूटरच्या दिवसांपासून सिग्नलला पेट्रोल वाचवायची त्यांची ती सवय. तिच्यावरून मी त्यांना कायम टोमणे मारायचे. उतरून ते मिनूकडे धावले, कारण तिचं दार आतून उघडत नव्हतं. मागच्या दाराला लहान मुलांसाठी एक लॉक असतं, ते भाचरांना फिरवताना लावलं होतं आणि तसंच राहिलं होतं. विलासनी बाहेरून दार उघडलं. आम्ही तिघं दुभाजकावर जाऊन उभे राहिलो.

आम्हाला धडकलेली गाडी धुक्यात दिसत नव्हती, नुसती ऐकू येत होती. खर्र-खर्र-खर्र. कुणीतरी ती चालू करून बघत होतं. थांबायचं, पुन्हा खर्र-खर्र-खर्र. आपल्याकडे अपघात झाला की माणूस पहिल्यांदा तेच करतो, गाडी चालू होते का ते बघतो. कुठूनतरी एक माणूस ओरडला, "अरे चाबी मत घुमा! तेल गिर रहा है!" आवाज थांबला. मग पुन्हा एकदा, अगदी सावकाश, खर्र.

आणि धुकं आतून केशरी झालं.

मोठा आवाज वगैरे काही झाला नाही. पातेल्यावर झाकण पडावं तेवढा. मग पेट्रोल आणि जळक्या रबराचा वास आला आणि माणसं धावायला लागली. त्या गाडीतल्या माणसाचं काय झालं ते आम्हाला कधीच नीट कळलं नाही. कुणी म्हणालं निघाला, कुणी म्हणालं नाही.

माझ्या नाकाने बाहेरून आत आणलेला तो शेवटचा वास.

इस्पितळात सीटी स्कॅन झाला, म्हणजे डोक्याचे आडव्या कापांसारखे फोटो. "नॉर्मल है," तरुण डॉक्टर म्हणाला. एक दिवस देखरेखीखाली ठेवून घरी पाठवलं. "नॉर्मल" हा शब्द मी तेव्हापासून जरा जपून ऐकते. नॉर्मल म्हणजे जे शोधलं ते सापडलं नाही, एवढंच.

गाडीही अशीच नॉर्मल झाली. मागचा पत्रा आत गेला होता. मिस्त्रीने तो ठोकून सरळ केला, रंग मारला, नवा बंपर बसवला. गाडी इतकी चकचकीत परत आली की आईंनी तिची दृष्ट काढली. खाली वाकून कुणी बघितलं नाही. आम्हीही सांगितलं नाही.

मग एके दिवशी मी ओट्यापाशी उभी राहून ऑफिसच्या कुरापतींविषयी तावातावाने बोलत होते आणि आई बाहेरून ओरडत आल्या, "अगं बाई, दूध करपलं की! नाक काय गहाण ठेवलंयस का?" पातेलं माझ्यापासून हातभर अंतरावर होतं. तळाशी काळा कोळसा. मला काहीच आलं नव्हतं. मी आंबेमोहोराच्या डब्यात तोंड घातलं, काही नाही. साबण, कढीपत्ता, विलासचा दिवसभराचा शर्ट, काही नाही. शर्टाबद्दल फारसं दुःख झालं नाही, पण बाकी सगळं जग काचेच्या पलीकडे गेल्यासारखं वाटलं. जेवण नुसतं खारट, तिखट, आंबट झालं.

आणि मग, सगळं गेल्यावर, तो आला.

दुपारची वेळ. मी रजेवर, मिनू शाळेत, आई आडव्या पडल्या होत्या. पेट्रोल. त्यामागे जळकं रबर. मी गॅसचा सिलिंडर तपासला, विजेचे बोर्ड हुंगले. वास प्रत्येक खोलीत सारखाच. खिडकी उघडली तरी कमी नाही, कोपऱ्यात गेले तरी जास्त नाही. खऱ्या वासाला उगम असतो. तुम्ही त्याच्याकडे जाता, तो वाढतो. हा वाढेना, घटेना. मी चालले की चालायचा, मी थांबले की थांबायचा.

आमची इमारत तेव्हा अर्ध्याहून अधिक रिकामी होती. लोकांनी फ्लॅट घेऊन कुलपं घातली होती. शेजारच्या दारावर गृहप्रवेशाचं तोरण वाळून काळं पडलं होतं. वर विमानं, खाली पाण्याचे टँकर, मध्ये माणूस नाही. मी त्या दाराशी वाकून कुलपाच्या भोकाला नाक लावलं. आत, बंद घरात, तोच वास. मी घंटी वाजवली. आत ती वाजलेली ऐकू आली, रिकाम्या घरात वाजते तशी. मी पुन्हा वाजवली. मागून गार्डने विचारलं, "मैडम, किसको ढूँढ रही हैं? इसमें तो कोई रहता ही नहीं." मी काहीतरी थाप मारली आणि घरात येऊन कडी लावली. वास माझ्या आधी आत येऊन बसला होता.

दोन-चार दिवसांआड तो यायचा. कधी बसमध्ये, कधी ऑफिसात फाइल उघडली की. एकदा मिनू पाठमोरी बसून केस विंचरून घेत होती. मी तिच्या डोक्याशी वाकले आणि तिच्या केसांना तो वास आला. त्याच गाडीच्या मागच्या सीटवर, त्या अडकलेल्या दाराशी ती बसली होती. माझ्या हातातला कंगवा पडला. हा होऊन गेलेल्याचा वास आहे की होणाऱ्याचा, असं माझ्या मनात आलं. मी शिकलेली बाई आहे, ऑफिसात पुराव्याशिवाय एक ओळ लिहीत नाही. तरी त्यानंतर बरेच दिवस मी मुलीला जवळ घेतलं नाही. तिने विचारलं, "आई, यार, मी काही केलं का?" मी ओट्याकडे वळले.

तेव्हा कुठे विलास मला एका मोठ्या सरकारी इस्पितळात घेऊन गेले. नाक-कान-घशाच्या ओपीडीबाहेरच्या बाकावर अनेक सकाळी गेल्या. तिथे माणसं शिंकत, खोकत, एकमेकांची दुखणी विचारत बसलेली असत. मला कुणी विचारलं तर मी "सायनस" सांगायचे. नसलेलं पेट्रोल हुंगते असं कसं सांगणार?

बाटल्यांची ती परीक्षा झाल्यावर डॉक्टरबाईंनी सावकाश समजावलं. नाकाच्या वर, कवटीत, चाळणीसारखं बारीक छिद्रांचं एक हाड असतं. वासाचे धागे, म्हणजे ऑल्फॅक्टरी नर्व्ह, त्या छिद्रांतून मेंदूकडे जातात. डोकं मागून आपटलं की मेंदू आतल्या आत हिसडतो आणि ते धागे तुटतात. काही तेव्हाच, काही नंतर सूज येऊन. सीटीमध्ये ते दिसत नाही. आणि मेंदूला बातमी येणं बंद झालं की कधीकधी तो जुनीच बातमी पुन्हा छापत बसतो.

"शेवटची आलेली?" मी विचारलं.

"ऐसा कोई नियम नहीं है," त्या म्हणाल्या. पण माझ्या कागदाकडे बघत म्हणाल्या, माझ्याकडे नाही.

एमआरआय झाला, म्हणजे मोठ्या चुंबकाच्या नळीत झोपवून मेंदूचे फोटो. त्या नळीत तो ठकठक आवाज सुरू झाला आणि त्याच्या मागे मला खर्र-खर्र-खर्र ऐकू यायला लागलं. घाबरलं तर दाबायला म्हणून हातात दिलेला रबरी फुगा दाबून मी बाहेर आले, पाणी प्याले आणि पुन्हा आत गेले. मग ईईजी, म्हणजे डोक्याला तारा चिकटवून मेंदूतल्या विजेची नोंद. काही फिट्सचे झटके अशा वासाने सुरू होतात, ते नाही ना हे बघायला. ते नव्हतं. औषधही नव्हतं. "कुछ लोगों में लौट आता है. महीनों में, कभी साल में. कुछ में नहीं. इंतज़ार कीजिए."

मी विचारलं, एक दिवस खरंच कुठे पेट्रोल गळत असेल, खरंच काही पेटलं असेल, तर मला कळणार कसं? माझा खरा प्रश्न हाच होता. वास खोटा आहे याची भीती कधीच मागे पडली होती. भीती ही होती की एक दिवस तो खरा असेल आणि मी गप्प बसेन. किंवा बोलेन आणि कुणी ऐकणार नाही.

डॉक्टरबाईंनी स्वतःचं नाक चिमटीत धरून दाखवलं. "ऐसे. बाहर की बू रुक जाएगी. अंदर वाली नहीं रुकेगी."

इतकी साधी युक्ती. घरी येऊन मी करून बघितली. नाक दाबलं, तोंडाने श्वास घेतला; पेट्रोल जागच्या जागी. पहिल्यांदाच मी त्याच्यावर जरा हसले. त्या दिवशी मिनूला जवळ घेतलं, नाक दाबून. ती म्हणाली, "इतका घाण शॅम्पू नाहीये माझा."

मग घरात त्याचीही सवय झाली. माणसं कशालाही रुळतात, हे आमच्या घराकडे बघून पटावं. जेवताना माझा चेहरा बदलला की मिनू विचारायची, "आतला की बाहेरचा?" मी नाक दाबायचे आणि म्हणायचे, "आतला." मग सगळे पुढचा घास घ्यायचे. विलास तर "आज पाहुणा आला नाही का?" विचारायचे. आईंनी स्वतःहून औषध सुरू केलं. रोज संध्याकाळी मसाल्याचा डबा घेऊन बसायच्या आणि माझे डोळे मिटवून एकेक वाटी नाकाशी धरायच्या. "ओळख." मी अंदाजाने हिंग म्हणायचे. "मेथी होती. ढ आहेस." डॉक्टरबाई म्हणाल्या, करू द्या, अपाय नाही. मिनू शेजारी बसून शब्द शिकायची. खमंग, करपट, कुबट, उग्र, दर्प. तिच्यासाठी तोवर सगळं "स्मेल" होतं. मला वास नव्हता पण शब्द होते, तिला वास होते पण शब्द नव्हते. आईंच्या मते आम्ही दोघी मिळून एक धड बाई होत होतो.

असा उन्हाळा गेला, पावसाळा गेला. ऑक्टोबरात आईंनी मथुरेचा हट्ट धरला. लांबचा पल्ला म्हणून विलासनी आदल्या संध्याकाळी पंपावर टाकी काठोकाठ भरून घेतली. अपघातानंतर पहिल्यांदाच. एरवी ते थोडंथोडं भरायचे. भरलेली टाकी त्यांना उधळपट्टी वाटते.

सकाळी इमारतीखालच्या पार्किंगमध्ये आम्ही सामान भरलं. पुऱ्या, बटाट्याची भाजी, पाण्याचा जग, आईंची गादी. गाडीत पुढे, काचेखाली, एक छोटा गणपती चिकटवलेला होता. लांब निघताना आई त्याला गाडीतच कापूर ओवाळायच्या. गाडी घेतल्यापासूनची रीत. स्टीलच्या पळीत कापराची वडी, एक काडी, अर्धी आरती, मग काच खाली करून धूर घालवायचा आणि निघायचं. त्या पुढे बसल्या. मी आणि मिनू मागे. विलासनी किल्ली लावली, पण आरती होईपर्यंत फिरवायची नाही हाही नियम.

आणि पाहुणा आला.

पेट्रोल. मी डोळे मिटून घेतले. आजच यायचं होतं का, असं वाटलं. मिनूने माझा चेहरा बघितला आणि सवयीने विचारलं, "आतला?"

मी सवयीनेच नाक दाबलं.

वास गेला.

मला वाटलं माझी काहीतरी चूक होते आहे. मी नाक सोडलं. आला. दाबलं. गेला. पुन्हा सोडलं. रबर नव्हतं त्यात, जळकं काही नव्हतं, नुसतं कच्चं पेट्रोल, आणि ते मागून येत होतं. डोकं मागे नेलं तर वाढत होतं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा वासाला दिशा होती.

पुढे आईंनी काडेपेटी उघडली.

मी दोन सीटांमधून झेप घेतली आणि त्यांच्या हातातून पेटी हिसकली. पळी उडाली, कापूर पडला. "अगं, देवाचं...!" आई किंचाळल्या.

"उतरा! सगळे उतरा! बाहेरचा आहे!"

"अगं, नेहमीचाच असेल तुझा," विलास म्हणाले. चिडून नव्हे, समजूत घालत. आणि गाडी काढून मोकळ्या हवेत उभी करावी म्हणून त्यांचा हात किल्लीकडे गेला.

मला ती खर्र-खर्र ऐकू आली. किल्ली अजून फिरली नव्हती, तरी ऐकू आली. मी त्यांच्या मनगटाला नखं रुतेपर्यंत धरलं. "किल्ली फिरवू नका. पाया पडते तुमच्या. आधी उतरा, मग मला वेडी म्हणा."

काय वाटलं कुणास ठाऊक, ते उतरले. फिरून त्यांनी आईंना धरून बाहेर काढलं. मिनूने दार आतून उघडलं. ते लॉक तेव्हापासून आम्ही कधी लावलं नव्हतं. मी सगळ्यांना पार गेटपर्यंत पळवलं. गार्डला बिडी विझवायला लावली. मग विलास एकटे परत गेले आणि लांबूनच वाकले.

मागच्या चाकाजवळ फरशी ओली होती. आमच्या डोळ्यांदेखत आणखी एक थेंब पडला.

नंतर गाडी ढकलत मोकळ्यावर नेली, बॅटरीची तार काढली, मेकॅनिकला बोलावलं. टाकीत पेट्रोल ओतायची जी नळी असते, तिचा रबरी सांधा जानेवारीतल्या धडकेत फाटला होता, त्या सुंदर रंगवलेल्या पत्र्याच्या मागे. टाकी अर्धवट असेपर्यंत पेट्रोल तिथवर पोचतच नव्हतं. काठोकाठ भरली आणि रात्रभर ठिबकत राहिलं.

पण मला हादरवलं ते वेगळ्याच गोष्टीने. गेटपाशी उभं असताना मी मिनूला विचारलं, "तुम्हाला कुणालाच कसा आला नाही गं वास?"

मिनू रडायला लागली. "आला होता ना. बसल्या बसल्या आला होता. मला वाटलं तुझं ऐकून ऐकून मलाही यायला लागला."

आई म्हणाल्या, "मलाही. मी म्हटलं, सुनेचा आजार मला लागला की काय. चारचौघांत कशाला बोला."

विलासनी स्वतःचा हात हुंगून बघितला. त्यांना वाटलं होतं, कालचं पंपावरचं असेल हाताला.

चार माणसं गाडीत बसलेली. चौघांना वास येत होता. आणि प्रत्येकजण गप्प होता, कारण आमच्या घरात पेट्रोलचा वास म्हणजे खोटा वास, हे ठरून गेलं होतं. ज्या खोट्याला आम्ही हसत होतो त्याच्या आडून खरा येऊन मागे बसला होता.

थोड्या वेळाने आई माझ्यासमोर आल्या. त्यांच्या मुठीत कापराची ती पडलेली वडी होती. त्या गोंधळातही देवाची वस्तू म्हणून उचललेली. त्यांनी मूठ माझ्या नाकाशी उघडली. डोळे मिटायला सांगितलं नाही. फार लांबून, भिंतीपलीकडून यावा तसा, थंड, पांढरा, कापराचा वास आला. मी नाक दाबून बघितलं. गेला. सोडलं, आला. तिथेच, गार्डसमोर, मी आईंच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. त्या म्हणाल्या, "मेथी ओळख, मग खरं."

डॉक्टरबाईंनी पुन्हा बाटल्या हुंगवल्या. कॉफी पुसट आली. लवंग चांगली आली. रिकाम्या बाटलीत काही आलं नाही. "धागे लौट रहे हैं," त्या म्हणाल्या आणि हसल्या. नाक पूर्ण भरून आलं नाही. आंबेमोहोर अजून नुसता तांदूळ आहे. पण दूध करपायच्या आधी कळतं, यावर मी समाधानी आहे. त्या डॉक्टरबाईंचं नाव इथे लिहीत नाही. रोज देवापुढे घेते.

अपघातातून सुटलेल्यांना एवढंच सांगते. डोक्याला मार लागला असेल तर एखाद्या दिवशी घरातल्यांनी लवंग हुंगायला द्यावी. गाडीला मार लागला असेल तर रंगाच्या आधी खालून बघून घ्या. टाकी, नळी, तारा. धडक बसली की किल्ली बंद करा आणि पुन्हा फिरवू नका. उतरा, लांब जा. गाडी चालू होते का हे बघायला पुढे आयुष्य पडलेलं असतं. आरती आई आता गेटबाहेर, गाडीपासून लांब करतात. देवाची काही तक्रार आलेली नाही.

पाहुणा अजून येतो. कमी, पण येतो. मधे आम्ही गुडगावकडून परत येत होतो. नव्या काचेच्या इमारतींच्या मधला रस्ता, संध्याकाळ, हलकं धुकं. मला तो आला. पेट्रोल आणि मागे जळकं रबर. मी ओळखलं की हा आपलाच, जुना. कुणाला सांगायचं नाही असं ठरवलं, पण हात सवयीने नाकाकडे गेला असावा.

विलासनी काही विचारलं नाही. डावीकडे घेऊन गाडी थांबवली, किल्ली काढली, उतरले. मिनू उतरली. आई कुरकुरत, गुडघे धरत उतरल्या. आम्ही चौघं रस्त्यापासून लांब, कोरड्या गवतात जाऊन उभे राहिलो. कुणी हसलं नाही. मला त्या दुसऱ्या गाडीतला माणूस आठवला. तो एकटा होता की शेजारी कुणी होतं? कुणी म्हणालं असेल का, अहो, वास येतोय? आणि त्यावर तो काय म्हणाला असेल?

विलासनी वाकून गाडीखाली बघितलं. कोरडं होतं.

"आतला होता," मी म्हणाले. माझी मलाच लाज वाटली.

"असू दे," ते म्हणाले. "उतरलो तर काय बिघडलं?"

आईंनी पिशवीतून संत्रं काढलं, सोललं आणि पहिली फोड माझ्या हातावर ठेवली. मी ती आधी नाकाशी नेली.